चहाचा दुसरा कप: कलाटणीची कथा बांधताना

कोकणात उन्हाळ्याच्या रात्री अंगणात गप्पा रंगल्या की ही गोष्ट कुणीतरी सांगतंच. एक माणूस शेवटच्या एसटीनं फाट्यावर उतरतो. अंधारी पाणंद, सोबतीला कुणी नाही. वाटेत एक जण भेटतो आणि विडी शिलगवायला काडी मागतो. काडीच्या उजेडात याला त्याचे पाय दिसतात. उलटे. हा जीव घेऊन पळत सुटतो. गावाच्या वेशीपाशी कंदील घेतलेला माणूस दिसतो तेव्हा कुठे जिवात जीव येतो. धापा टाकत तो सगळं सांगतो. कंदीलवाला शांतपणे ऐकून घेतो, कंदील खाली धरतो आणि विचारतो, 'असेच होते का पाय?'

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी आजीच्या पदरात शिरले होते. पण पुढच्या मे महिन्यात आम्ही भावंडांनीच हट्ट करून ती पुन्हा सांगायला लावली. शेवट सगळ्यांना पाठ होता, तरी कंदील खाली जायला लागला की पोटात गोळा यायचा. कलाटणीच्या कथेचं जे काही मला कळलं आहे, ते बरंचसं या गोष्टीत आहे. हिच्यात दोनच भेटी आहेत. पहिलीनं भीती घालायची, दुसरीनं सुटका करायची. आणि सांगणारा सापळा लावतो तो त्या सुटकेतच. वेशीवरचा कंदील पाहून ऐकणाराही सैल होतो, कारण कंदील आला म्हणजे माणूस आला, असं त्यानं स्वतःच ठरवलेलं असतं. सांगणाऱ्यानं तसं कुठेच म्हटलेलं नसतं.

नव्यानं कथा लिहिणाऱ्यांची लिखाणं मी बरीच वर्षं वाचत आले आहे. दहातल्या निम्म्यांना तरी शेवटच्या ओळीत धक्का द्यायचा असतो. ती ओढ मला चुकीची वाटत नाही. लघुकथा एका बैठकीत वाचून होते, सुरुवात अजून डोक्यात ताजी असताना शेवट येतो, म्हणून शेवटच्या वाक्यानं पहिल्या वाक्याचा अर्थ बदलता येतो. हे बळ कादंबरीला इतक्या सहज मिळत नाही. फक्त तो शेवट कसा बांधायचा, आणि कधी बांधू नये, हे सांगायला हा लेख. पुढे काही गाजलेल्या कथांचे शेवट उघड होणार आहेत. फ्रेंच कथाकार मोपासाँची 'नेकलेस' वाचली नसेल तर आधी ती वाचून या. अर्धा तासही लागणार नाही.

आधी दोन गोष्टी लिहा

कलाटणीची कथा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन गोष्टी. वरची वाचकाला दिसते, खालची खरी असते. म्हणून वहीचं पान मधोमध दुमडा आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या, साध्या भाषेत लिहून काढा. माझ्याच एका कथेचं उदाहरण देते.

वरची गोष्ट: मुलगा पुण्याहून गावी आला आहे. वडील जाऊन वर्ष झालं. आई एकटीच राहते. रोज संध्याकाळी ती ओसरीवर दोन कप चहा आणून ठेवते. एक स्वतःचा, दुसरा समोर. मुलाला वाटतं, आईला विसर पडायला लागला. घर विकायचं आणि आईला पुण्याला न्यायचं, असं तो मनाशी ठरवतो.

खालची गोष्ट: दुसरा कप गंगारामचा आहे. गंगाराम वाडीत शिंपणं करायला येणारा गडी. वडील होते तोवर त्याला चहा मिळायचा तो अंगणात, वळचणीला खोचलेल्या कान तुटलेल्या कपातून. पिऊन झाला की कप त्यानंच विसळून पुन्हा वळचणीला ठेवायचा. वडील गेल्यावर आईनं तो कप टाकून दिला आणि घरातल्या सेटमधला कप त्याच्यासाठी काढला. कुणालाही न सांगता.

दोन्ही रकाने झाले की खालच्या गोष्टीला एकच प्रश्न विचारा: ही सुरुवातीलाच सांगितली तरी कुणी वाचेल का? उत्तर नाही आलं तर थांबा. त्या कथेत झाकून ठेवण्यासारखं काही नाही, झाकण तेवढं आहे. या कथेच्या माझ्या पहिल्या खर्ड्यात गंगाराम नव्हताच. वडील वारले आहेत एवढंच मी शेवटपर्यंत दडवलं होतं. एका मैत्रिणीनं वाचून विचारलं, 'बरं, वारले. मग?' त्या 'मग'चं उत्तर शोधायला मला दोन महिने लागले, आणि ते आईच्या स्वभावात सापडलं. पहिल्या खर्ड्यात वाचकाला एक बातमी कळत होती. दुसऱ्यात एक बाई कळत होती.

सुगावे उघड्यावर ठेवा

सुगावा म्हणजे शेवट आधीच सुचवणारा तपशील. नवा लेखक एकतर तो ठेवतच नाही, किंवा कोपऱ्यात इतका खोल पुरतो की नंतर शोधूनही सापडत नाही. सुगावा वाचकाच्या डोळ्यांसमोर हवा, फक्त त्या क्षणी त्याला दुसरंच काम दिलेलं हवं.

'नेकलेस' १८८४ साली पॅरिसच्या एका दैनिकात आली. माथिल्द लोइझेल एका कारकुनाची बायको. मेजवानीसाठी ती श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून आणते आणि हरवून बसते. नवराबायको गुपचूप छत्तीस हजार फ्रँकचा तसाच हार घेऊन परत करतात, आणि ते कर्ज फेडण्यात दोघांची दहा वर्षं जातात. शेवटी मैत्रीण भेटते तेव्हा कळतं की मूळ हार नकली होता, फार तर पाचशे फ्रँकचा.

आता सुगावे पाहा. हार मागितल्यावर मैत्रीण क्षणभरही आढेवेढे घेत नाही. एवढे मोलाचे हिरे कुणी इतक्या सहज देतं का? पण आपण माथिल्दच्या आनंदात असतो, म्हणून ते औदार्य वाटतं. दुसरा सुगावा मला फार आवडतो. हार हरवल्यावर नवराबायको डबीवरच्या नावाचा सराफ शोधून काढतात. तो वह्या चाळतो आणि म्हणतो, हा हार माझ्याकडचा नाही, मी फक्त डबी दिली असावी. डबी एकाची, हार दुसरीकडचा. सगळं तिथेच सांगून झालं आहे! पण त्या वेळी आपल्याला घाई असते ती तसा हार कुठे मिळेल याची, म्हणून ते वाक्य एक अडथळा म्हणून वाचलं जातं. तिसरा सुगावा: हार परत करताना मैत्रीण डबी उघडूनही बघत नाही. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. वेशीवरच्या कंदिलासारखंच.

अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी' २६ जून १९४८ च्या 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात आली. तिच्यात सुगावा आणखी धीटपणे समोर ठेवला आहे. दुसऱ्याच परिच्छेदात गावची मुलं खिशात गुळगुळीत दगड भरताना आणि चौकाच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग रचताना दिसतात. मुलंच ती, खेळत असतील, असं आपण म्हणतो. लॉटरी लागलेल्या बाईवर ते दगड पडायला लागतात तेव्हा आपण मनातल्या मनात त्या परिच्छेदाकडे परत जातो. कथा छापून आल्यावर तीनशेहून जास्त पत्रं आली, त्यांतली बरीच संतापलेली.

माझ्या कथेत मी तीन गोष्टी पेरल्या. घरी पोचल्यावर मुलाचा हात सवयीनं वळचणीकडे जातो आणि तिथे तो फुटका कप नसतो. पावसात पडला असेल, असं म्हणून तो पुढे जातो. वडिलांच्या आठवणीत त्यांची 'ए गंग्या' ही हाक येते. आणि तिसरी गोष्ट आईच्या बोलण्यात आहे. तिला वेगळी जागा द्यायला हवी.

मराठीची अडचण आणि मराठीची सोय

इंग्रजीतून वाचलेल्या कलाटण्या मराठीत आणायला गेलात की पहिली ठेच क्रियापदाला लागते. निवेदक पुरुष की बाई हे इंग्रजीत पानंच्या पानं लपवता येतं. आपल्याकडे 'मी गेलो' की 'मी गेले' इथेच उघडं पडतं. वाटा आहेत. 'मी दार उघडलं', 'मला भीती वाटली', 'मी उद्या जाईन', 'मी रोज तिथे जात असे' यांतून काहीच कळत नाही. पण अख्खी कथा अशा वाक्यांवर चालवली तर चाल अवघडते, आणि जाणत्या वाचकाला तिसऱ्या परिच्छेदात शंका येते. एक-दीड पानाच्या कथेत हे साधतं. त्याहून मोठ्या कथेत मी तरी या वाटेला जात नाही.

मात्र मराठीनं दुसऱ्या बाजूनं मोठी सोय करून ठेवली आहे. आपल्या आया-आज्या नवऱ्याचं नाव घेत नसत. 'ते आले', 'त्यांना विचारते', 'त्यांचं जेवण व्हायचंय'. माझ्या कथेतली आई एवढंच म्हणते, 'त्यांचा चहा निवतोय.' मुलगा आणि वाचक दोघंही ते वडिलांना लावतात. दुसरं कोण असणार? आईच्या तोंडी 'ते' म्हणजे तेच. खरं तर आई गंगारामला आदरार्थी बोलते आहे. ज्याला या घरानं चाळीस वर्षं अरे-तुरे केलं, त्याला. ते वाक्य पुन्हा वाचलं की कथेचा सगळा भार त्या एका 'त्यांचा'वर येतो. यात खोटं एक अक्षर नाही.

तुमच्या घरात, गावात, कामाच्या ठिकाणी अशी संबोधनं शोधा. 'अहो', 'बाई', 'मास्तर', 'आमची', 'थोरली'. ज्या शब्दांनी आपण नाव न घेता माणूस सांगतो, तिथे कलाटणीला जागा असते. अनुवादानं हाती न येणारी ही सामग्री आहे आणि ती फार कमी वापरली गेली आहे, असं मला मनापासून वाटतं.

लपवायचा हक्क कोणाचा

कथा 'मी'च्या तोंडून असेल आणि त्या 'मी'ला सगळं पहिल्यापासून माहीत असेल, तर तो आपल्याला का सांगत नाही? याला कथेच्या आतलं कारण हवं. त्याला लाज वाटते, तो पोलिसांपुढे बोलतो आहे, तो स्वतःशीच खोटं बोलतो आहे. कारण नसेल तर ती लेखकानं केलेली लपवाछपवी, आणि वाचकाला ती लगेच टोचते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ज्याला माहीत नाही त्याच्या नजरेतून सांगणं. म्हणून माझी कथा आईच्या बाजूनं लिहिलेली नाही. मुलगा चुकतो, वाचक त्याच्याबरोबर चुकतो, आणि चुकायला दोघांकडेही पुरेसं कारण असतं: आईची काळजी.

कलाटणी शेवटीच कशाला?

'नेकलेस'च्या आदल्या वर्षी, १८८३ मध्ये, मोपासाँनं 'दागिने' नावाची कथा छापली होती. ती पाहिली की कलाटणीची मर्यादा स्पष्ट दिसते. लांतँ नावाच्या सरकारी कारकुनाच्या बायकोला नाटकाचा आणि खोट्या दागिन्यांचा नाद. थंडीत एका रात्री नाटकघरातून परतल्यावर ती आजारी पडते आणि जाते. पैशाची ओढाताण झाल्यावर तो तिचा एक 'खोटा' हार सहा-आठ फ्रँक मिळतील या आशेनं विकायला नेतो, आणि सराफ अठरा हजार द्यायला तयार होतो. दागिने खरे होते. कारकुनाच्या पगारात ते कुठून आले, हे आपल्याला कळतं आणि लांतँलाही कळतं.

'नेकलेस'मध्ये खरे समजलेले हिरे खोटे, इथे खोटे समजलेले खरे. युक्ती तीच, उलटी केलेली. फरक जागेचा. इथे उलगडा कथेच्या मध्यावर होतो आणि पुढची पानं लांतँ या माहितीचं काय करतो यावर आहेत. तो आधी रस्त्यात कोसळतो. मग भूक लागते. मग लाज गिळून सराफाकडे परत जातो, एकेक दागिना विकतो, नोकरी सोडतो, लोकांना आकडे फुगवून सांगतो. सहा महिन्यांनी दुसरं लग्न करतो. ही बायको अत्यंत पतिव्रता निघते, आणि त्याचं जगणं कठीण करून सोडते.

'नेकलेस'मध्ये हा 'पुढे काय' मिळत नाही. माथिल्दचा चेहराही आपल्याला दिसत नाही. कथा मैत्रिणीच्या वाक्यावर तुटते. तो तुटलेपणा जबरदस्त आहे, पण त्याची किंमतही आहे. लोकांना हार नकली निघाला एवढंच लक्षात राहतं. मोलकरीण काढून टाकून भांडी घासणारी, पाण्याच्या बादल्या जिने चढवत नेणारी, बाजारात एकेका पैशासाठी घासाघीस करणारी माथिल्द विसरली जाते. माझ्या मते त्या कथेचा जीव त्या दहा वर्षांच्या दोन-तीन परिच्छेदांत आहे.

तेव्हा खर्डा झाला की कलाटणी उचलून मध्यावर ठेवून पाहा. पुढे लिहिण्यासारखं काही सुचतं का? सुचलं तर बहुतेक तीच खरी कथा.

दुसरी मर्यादा सवयीची. अमेरिकन कथाकार ओ. हेन्री न्यू यॉर्कच्या एका वृत्तपत्रासाठी दर आठवड्याला एक कथा लिहीत होता. अशा लेखकाचा वाचक पहिल्या ओळीपासून सावध बसतो, पात्रांकडे बघायचं सोडून लेखकाच्या हातांकडे बघायला लागतो. तरीही त्याची १९०५ ची नाताळच्या भेटींची कथा, 'द गिफ्ट ऑफ द मेजाय', टिकली, आणि तिचं रहस्य अर्ध्या लपवण्यात आहे. डेलाकडे एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट आहेत. ती वीस डॉलरला आपले लांब केस विकते आणि नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घेते. हे सगळं आपल्यासमोर घडतं. लपवलेलं आहे ते नवऱ्याचं, जिमचं अर्धं: त्यानं तिच्या केसांसाठी फण्या आणल्या, घड्याळ विकून. वाचक अर्ध्या गुपितात सामील असल्यामुळे उरलेलं अर्धं कळल्यावर त्याला फसल्यासारखं वाटत नाही. डेलाबद्दल जी माया वाटत होती, ती आपसूक जिमपर्यंत पोचते.

न लपवता

कालिदासाच्या नाटकाच्या नावातच 'अभिज्ञान' आहे, म्हणजे ओळखीची खूण. अलीकडचा कुणी लेखक असता तर त्यानं दुर्वासांचा शाप शेवटपर्यंत दडवला असता: राजा शकुंतलेला का विसरला याचा धक्का. कालिदास तो चौथ्या अंकातच ऐकवतो. अनसूया-प्रियंवदा ऐकतात, आपण ऐकतो, फक्त शकुंतलेच्या कानावर तो जात नाही. म्हणून शापाची कल्पनाही नसताना ती सासरी निघते तेव्हा आपल्याला गलबलून येतं. एकच गोष्ट राखून ठेवलेली असते. पाचव्या अंकात ती अंगठी दाखवायला जाते आणि बोट रिकामं निघतं. ते तिला आणि आपल्याला एकाच वेळी कळतं.

हा पर्याय प्रत्येक वेळी तपासा. माझी कथा अशीही लिहिता आली असती: पहिल्याच परिच्छेदात आई गंगारामला कप देते आणि मुलगा येऊन सगळा चुकीचा अर्थ लावत जातो. तशी लिहूनही पाहिली. ती वाईट नव्हती, पण वाचक मुलाच्या डोक्यावर बसून त्याला हसत होता, आणि मला वाचकानं मुलाबरोबर खाली मान घालायला हवी होती. म्हणून लपवणं ठेवलं.

काय टाळावं

थोडक्यात सांगते. 'आणि मला जाग आली' हा शेवट नको. सगळं घडलंच नाही म्हटल्यावर वाचकानं लावलेला जीव वाया जातो. बोलणारा मेलेला होता, हाही आता गुळगुळीत झाला आहे. शेवटच्या ओळीत उपटणारा अपघात किंवा दुर्धर आजार कथेला कलाटणी देत नाही, कथा बंद पाडतो. आणि कुणाचं दुःख, व्यंग, जात किंवा लिंगओळख हीच 'गंमत' म्हणून शेवटी उघड करू नका. माझ्या कथेत जात आहे, पण उघडा पडतो तो घराचा कप. गंगाराम कोण हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत असतं.

तपासणी

खर्डा दोन जणांना वाचून दाखवा, छापून देऊ नका. वाचताना तुमचा आवाज सुगाव्यावर रेंगाळतो का, हे तुम्हालाच ऐकू येईल. रेंगाळत असेल तर ते वाक्य आखूड करा. एका श्रोत्याला शेवट आधी सांगून ठेवा आणि त्याचा चेहरा बघा. तो कंटाळला तर कथा धक्क्यावरच उभी आहे. 'त्यांचा चहा' या शब्दांपाशी तो सावरून बसला, तर खालची गोष्ट जिवंत आहे.

मग शेवटचा परिच्छेद घ्या आणि त्यातलं समजावून सांगणारं प्रत्येक वाक्य खोडा. 'तेव्हा त्याच्या लक्षात आलं की' इथून सुरू होणारी वाक्यं सर्वांत आधी. माझ्या खर्ड्यात अशी चार होती. फुटका कप, वडिलांचा करारी स्वभाव, आईची वर्षभराची हिंमत, सगळं मी मुलाच्या तोंडून बोलून घेतलं होतं. चारही गेली. आता पायरीवर खाकरल्याचा आवाज येतो. अंगणात गंगाराम चिखलाचे पाय धूत उभा असतो आणि मुलाला बघून जागच्या जागी थबकतो. त्याची नजर वळचणीकडे जाते. आई दुसरा कप उचलते, बशीनं झाकते, आणि मुलाला सांगते, 'जरा सरक. त्यांना बसू दे.'